तुम्ही विचारलंत म्हणून : कोरी वही

“शेवट पाठ आहे, तरी तोच सिनेमा परत परत काय बघता?” ‘व्हेअर ईगल्स डेअर’बद्दल हा प्रश्न मला घरच्यांनी विचारलाय, मित्रांनी विचारलाय. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो. सांगताना सगळी गुपितं फुटणार आहेत. पाहिला नसेल तर आधी पाहून या.

सिनेमा १९६८ सालचा. दुसऱ्या महायुद्धात बव्हेरियाच्या डोंगरातल्या एका गडावर जर्मनांनी एक अमेरिकन जनरल पकडून ठेवलाय. युरोपवरच्या स्वारीचा बेत त्याला ठाऊक आहे. तो बोलायच्या आत त्याला सोडवायला ब्रिटिशांची एक तुकडी जर्मन गणवेश चढवून बर्फात उतरते. रिचर्ड बर्टन हा म्होरक्या, मेजर स्मिथ. सोबत क्लिंट ईस्टवुडचा अमेरिकन लेफ्टनंट शाफर. केबल कारच्या टपावरची झटापट सगळ्यांच्या लक्षात असते, आणि ती आहेच तशी. पण तिच्यासाठी मी दुसऱ्यांदा बसलो नसतो.

मी बसतो ते जेवणाच्या दालनातल्या प्रसंगासाठी. मोठं टेबल, समोर जर्मन अधिकारी. स्मिथ आणि शाफर बंदुका रोखून आत येतात, आणि बघता बघता स्मिथ शाफरलाच शस्त्र खाली ठेवायला लावतो. मी खरा जर्मन हेर, म्हणतो. तुकडीतले ते तिघं, जे खरोखर जर्मनांना फितूर आहेत, तेच तोतये, असं सांगतो. मग त्या तिघांना म्हणतो, तुम्ही खरे असाल तर इंग्लंडमधल्या तुमच्या हेरांची नावं लिहा, माझ्या वहीतल्या यादीशी ताडून बघू! तिघं घाईघाईने लिहायला लागतात. जीव वाचवायचा असतो ना. लिहून होतं, मग टेबलावरचा जर्मन अधिकारी कर्नल क्रेमर स्मिथची वही उघडतो. पानं कोरी.

त्या तिघांनी आपल्या हाताने आपलं सगळं जाळं ब्रिटिशांना लिहून दिलेलं असतं. आणि ज्याला सोडवायला एवढा आटापिटा, तो जनरलही जनरल नसतोच, एक नट असतो.

हा प्रसंग मी पहिल्यांदा मामाकडे, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. वही उघडायच्या आधी मामाने कॅसेट थांबवली आणि विचारलं, “सांग, हा कोणाच्या बाजूचा?” मी ठामपणे म्हणालो, जर्मनांच्या. मामा काही बोलला नाही, त्याने कॅसेट पुढे सुरू केली. आपण इतके पक्के फसू शकतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढे वाचनात हुआन पुहोल आला आणि ती वही मला आणखी मोठी वाटायला लागली. हा स्पॅनिश माणूस लिस्बनमध्ये बसून जर्मनांना पत्रं लिहायचा, जणू लंडनमध्येच आहे! पुढे ब्रिटिशांनी त्याला खरंच लंडनला नेलं, ‘गार्बो’ हे नाव दिलं. त्याच्या हाताखाली २७ हेर आहेत असं जर्मन धरून चालले. त्यातला एकही अस्तित्वात नव्हता. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्याचं फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरणं ही हूल आहे, खरा हल्ला फ्रान्सच्याच कॅले बंदराच्या बाजूला होणार, हे त्याने त्यांच्या गळी उतरवलं. त्याच वर्षी त्याला जर्मनांचं आयर्न क्रॉस हे पदक मिळालं आणि ब्रिटिशांचा एमबीई हा किताबही. युद्धकाळात ब्रिटनमधले जवळपास सगळे जर्मन हेर ब्रिटिशांच्याच मुठीत होते, हे जगासमोर नीट आलं १९७२ साली, सिनेमानंतर चार वर्षांनी. म्हणजे खऱ्या युद्धात तर जर्मनांनी कोऱ्या वहीवर विश्वास ठेवून सैन्य कॅलेकडेच अडकवून ठेवलं.

सिनेमात चुका आहेत, हे मला मान्य आहे. त्यातलं हेलिकॉप्टर युद्धानंतरचं आहे. शाफरच्या गोळ्या संपत नाहीत. पण हायडीचं, म्हणजे स्मिथला मदत करणाऱ्या ब्रिटिश हेर बाईचं, काम करणारी इनग्रिड पिट दिसली की या गोष्टी मनातून निघून जातात. लहानपणी ती आईबरोबर स्टुटहोफच्या छळछावणीत होती. तीच बाई इथे नाझी गणवेशांच्या घोळक्यात हसतमुख वावरते. तिच्या त्या हसण्यावरून मला पुढे जाता येत नाही, मी तो भाग मागे नेऊन पुन्हा बघतो.

आणि शेवट माहीत असल्याने बिघडतं काय? उलट तेव्हाच सुरुवात कळते. ब्रिटिशांचा कर्नल टर्नर पहिल्याच बैठकीत शांतपणे मोहीम समजावून देत असतो. शेवटी विमानात कळतं की सगळ्यात मोठा फितूर तोच. तो बंदूक रोखतो, तिची फायरिंग पिन, जिच्याशिवाय गोळी सुटत नाही, आधीच काढलेली असते. स्मिथ त्याला एवढीच सवलत देतो, की त्याने पॅराशूटशिवाय दारातून उडी घ्यावी. हे ठाऊक असताना सुरुवातीची बैठक परत बघा. त्याचा एकेक शब्द वेगळा ऐकू येतो.

येत्या रविवारी पुन्हा लावणार आहे. या खेपेला बर्टनकडे बघायचं नाही, फक्त क्रेमरकडे बघायचं ठरवलंय, वही हातात आल्यापासून पहिलं पान उलटेपर्यंत.