महजरावरच्या निशाण्या

मराठ्यांच्या इतिहासावर प्रबंध लिहायची इच्छा असलेली चार-सहा मुलं आमच्या विभागात दरवर्षी येतात. त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगते, आधी मोडी लिपी शिका, विषय नंतर ठरवू. बहुतेकांचे चेहरे उतरतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. १९५० च्या सुमारास मोडी सरकारी कामकाजातून गेली, शाळेतून गेली, आणि आता घरात ती वाचणारं कुणी उरलेलं नाही. तरीही माझा हट्ट कायम आहे. गेल्या काही वर्षांत तो वाढलाच आहे.

कारण सांगते. महाराष्ट्रात कागद वाचणारी माणसं आणि कागदांना प्रश्न विचारणारी माणसं बराच काळ दोन वेगळ्या आळ्यांत राहिली. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाडे आणि देवळं पालथी घातली, १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे ते खंड बावीसपर्यंत गेले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचं दप्तर वाचण्यात आयुष्य घातलं. गो. स. सरदेसाई बडोद्याची नोकरी करून निवृत्त झाले आणि मग १९३० ते ३४ या काळात त्यांनी पेशवे दप्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदांतून, निवडलेले पंचेचाळीस खंड संपादित केले. यांतलं कुणीही विद्यापीठात प्राध्यापक नव्हतं. पुणे विद्यापीठाची स्थापनाच मुळी १९४९ची.

या लोकांचं ऋण मी रोज मानते. पण मोहिमा, तह, कारस्थानं, सरदारांची पत्रं याकडे त्यांचा ओढा होता, आणि निवडही बरीचशी तशीच झाली. विद्यापीठात इतिहास आला तेव्हा जमीन, सारा, जात, बायका, कारागीर असे प्रश्न आले. कागद मात्र अनेकांनी छापील खंडांतलेच वापरले. अ. रा. कुलकर्णींसारखे काही जण दोन्हीकडे पाय रोवून उभे राहिले. शिवकालातलं गाव, तिथला सारा, तिथले वतनदार, म्हणजे पिढीजात हक्काचे धनी, यांवर त्यांनी विद्यापीठात राहून मूळ कागदांवरून लिहिलं. असे थोडेच.

आणि हे पेशवे दप्तर किती मोठं आहे! पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांमागून रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, कागदांची मोजदाद कोटींत करतात. रोजकीर्द, घडणी, पागा, प्रांत अजमास अशी त्यांची वर्गवारी. १८१८ नंतर इंग्रजांनी हे सगळं सांभाळलं ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं, सारा कुणाकडून किती घ्यायचा, हे ठरवायला त्यांना ते हवं होतं. पुढे इनामं तपासायला इनाम कमिशन आलं आणि कागदांची किंमत आणखी वाढली. त्यामुळे त्यात हिशेब रग्गड आहेत. हिशेबाचा कागद कुणाला फारसा आवडत नाही. पण गावातलं माणूस सापडतं ते तिथे, आणि वतनाच्या भांडणात.

मागच्या सत्रात शनिवारच्या मोडीच्या तासाला आम्ही साताऱ्याकडच्या एका गावचा महजर, म्हणजे वादाचा लेखी निवाडा, वाचायला घेतला होता. सुतारकीच्या वतनाचा वाद. धाकटा भाऊ म्हणतो वतन माझं, थोरल्या भावाच्या विधवेचं म्हणणं, माझ्या मुलाचं. मोडीत शिरोरेषा आधी ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. ऱ्हस्वदीर्घ पाहायचं नाही. पहिल्या चार ओळींना आमचा अख्खा तास गेला, आणि मला तो अजिबात वाया गेलेला वाटत नाही.

मग तारीख. कागदावर होतं: छ ५ जमादिलावल, सु॥ इहिदे सबैन मया व अलफ. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७१. हा सुहूर सन, मृगापासून सुरू होणारा. इसवी सन काढायला, जून ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधली असेल तर ६००. महिना मात्र चांद्र, त्यामुळे तारखा जुळवणारी जंत्री उघडावीच लागते. निघाला १७७०चा ऑगस्ट. थोरल्या माधवरावांची कारकीर्द. मुलांचे चेहरे त्या क्षणी बदलतात. तोवर जो नुसता जुना कागद असतो, त्याला पावसाळा येतो, पेशवा येतो, पुढेमागे काय घडलं ते येतं.

हाजिर मजालस, म्हणजे सभेला हजर असलेली माणसं, म्हणून नावांची यादी होती, आणि खाली निशाण्या. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. सही करता न येणाऱ्या माणसानं आपलं हत्यार काढलं की ती त्याची सही. वर्गातल्या एका मुलीचं बोट तिथेच थांबलं. ती म्हणाली, “मॅडम, वाद सुतारांचा आहे. मग निकालावर न्हावी आणि चांभार कशाला?”

अगदी याच जागी मला मुलं पोचायला हवी असतात. जपानच्या हितोत्सुबाशी विद्यापीठातल्या हिरोशी फुकाझावा यांनी हाच प्रश्न मोठ्या रूपात विचारला होता. बलुतेदार कुणाचा? ठरावीक घरांचा, की सगळ्या गावाचा? उत्तरेकडच्या, ठरावीक घरांशी बांधलेल्या जजमानी पद्धतीवरून लोक सरसकट पहिलं उत्तर देत असत. फुकाझावांनी मराठी कागद तपासले आणि दाखवलं की अठराव्या शतकातल्या आपल्याकडच्या खेड्यात बलुतेदार हा सबंध गावाचा सेवक होता. त्याचं वतन ही गावाची बाब होती. म्हणून त्याच्या वादात गोत, म्हणजे निवाड्याला जमलेली गावसभा, बसतं, आणि गोतात न्हावी, चांभार दोघंही असतात. ती मुलगी फुकाझावा वाचण्याआधीच त्या प्रश्नापाशी गेली होती. कागदानं तिला तिथे नेलं.

वाद विधवा हरली. हरलेल्या पक्षानं यजितखत लिहून द्यायचं असे, म्हणजे आपण खोटे ठरलो, पुन्हा वाद सांगणार नाही. त्याची नक्कल सोबत होती. खाली बाईची निशाणी, बांगडी. एवढासा गोल. हाजिर मजालसीत तिचं नाव नाही. ती स्वतः गोतापुढे बोलली, की तिच्या वतीनं कुणी भाऊबंद बोलला? बांगडी तिनं काढली, की गावच्या कुलकर्ण्यानं तिच्यासाठी काढली? या कागदात उत्तर नाही. दुसऱ्या पन्नास यजितखतांत कदाचित असेल. ते पाहणं म्हणजे संशोधन, आणि त्या मुलीनं आता तोच विषय घेतला आहे.

पीएच.डी.ला नियमानं किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. त्यातलं पहिलं दीड वर्ष लिपी, जंत्री आणि हात बसण्यात जातं. प्रगती अहवालात ‘साठ कागद वाचले’ असं लिहिलं की समितीत कुणीतरी विचारतंच, बाकी काय केलं? मला याचा मनापासून राग येतो. प्रयोगशाळेत यंत्र शिकायला लागलेला वेळ कुणी वाया गेलेला मानत नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी मोडीचं, आणि ज्यांना हवं त्यांना फारसीचं, एक वर्ष वेगळं धरावं, पैशांसकट. एवढी एक गोष्ट झाली तर पुढच्या दहा वर्षांत आपल्याकडच्या प्रबंधांची जात बदलेल, याबद्दल मला शंका नाही.

यंदा आम्ही त्याच गावचे ताळेबंद वाचायला घेणार आहोत. सुताराला किती बलुतं पडत होतं आणि कशासाठी एवढं भांडण झालं, ते त्यातून काढता येतं का बघायचं आहे. तास शनिवारीच.

तुमच्याकडे घरी असे कागद असतील तर कृपा करून लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, घड्या जोर लावून उलगडू नका. उजेडात सरळ वरून फोटो काढा. पाठीमागचाही काढा, कारण कागद केव्हा पोचला त्याची नोंद, ‘पै॥’ म्हणजे पैवस्ती, पुष्कळदा मागेच असते. आणि कुठल्या पेटीत, कुठल्या कागदांबरोबर बांधलेला होता, तेही लिहून ठेवा.