आज सकाळी तिला भूक लागली

ही वही मुळात रोजनिशीची नव्हेच. डाव्या पानावर वेळ आणि मिली, उजव्या पानावर उलटी, शी, वजन. अशा अकरा वह्या घरात भरून पडल्यात. ही बारावी अर्धी कोरी राहिली, कारण गेल्या वर्षी आमच्या लेकीचं, मनूचं, पोटावरच्या नळीतून दूध देणं बंद झालं. काल हॉस्पिटलची पिशवी भरताना हात सवयीनं हिच्यावरच गेला. मग म्हटलं, आज हिच्यात वाक्यं लिहू.

रात्री २:१५

मनूचं ऑपरेशन साडेआठला. दूध आणि बाकी खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी बंद. म्हणजे अडीचच्या आत जे पोटात जाईल ते शेवटचं. मनूची आई म्हणाली, झोपू दे पोरीला. मी तरी गजर लावून उठलो, दूध कोमट केलं, हाक मारली. मनूनं एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि कूस बदलली. नळी होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. ती झोपेत असायची, आणि मी अंधारात चाचपडत तिच्या पोटावरच्या बटणाला नळी जोडून पंप सुरू करायचो. झोपलेल्या लेकराचं पोट भरता येणं ही केवढी चैन होती, हे तेव्हा कळलं नाही.

दोन चाळीसला दूध मोरीत ओतलं. साडेचार वर्षं मनूच्या पोटात काहीतरी जावं म्हणून जागलो, आणि आज जाऊ नये म्हणून जागतोय.

सकाळी ७:४०, वॉर्ड

सगळे म्हणतात, किरकोळ ऑपरेशन आहे. आहेच. सर्जननी कागदावर काढून दाखवलं होतं: पोटावरचं भोक आणि तिथून जठरापर्यंत गेलेली वाट कापून काढायची, जठर आतून शिवायचं, मग वरचे थर. तासाभराचं काम, टाके आपोआप विरघळणारे. मी मान डोलावत होतो, आणि ‘वाट’ या शब्दापाशी अडकलो होतो.

मनू २७ आठवड्यांची जन्मली, ९०० ग्रॅमची. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ त्या वयात बसत नाही. तिचा पुढेही बसला नाही. आधी नाकातून नळी होती. ती रोज उपसून काढायची आणि आम्ही पुन्हा घालायचो. तोंडाजवळ कुणाचाही हात आला की मान फिरवायला ती तेव्हाच शिकली. दहा महिन्यांची असताना पोटावरून थेट जठरात नळी बसवली, पुढे तिच्या जागी बटण आलं. आत पाण्यानं फुगवलेला छोटा फुगा, बाहेर झाकण. दर आठवड्याला फुग्यातलं पाणी सिरिंजनं काढून मोजायचं, तीन महिन्यांनी बटण बदलायचं. कडेला लाल मांस वाढायचं, ते जाळायला सिल्व्हर नायट्रेट लावताना ती किंचाळायची. सगळ्यात मोठी धास्ती बटण निसटण्याची, कारण ते निसटलं की भोक काही तासांतच आवळायला लागतं. म्हणून जाऊ तिथे जादा बटण बरोबर. लग्नकार्यातसुद्धा माझ्या खिशात ते असायचं. एकदा खरंच निसटलं होतं, तेव्हा गाडी कडेला घेऊन मी थरथरत्या हातांनी नवं घातलं.

आणि चार महिन्यांपूर्वी बटण कायमचं काढलं, तर भोक बंद व्हायलाच तयार नाही. एवढी वर्षं उघडं राहिलं की आतल्या वाटेला स्वतःचं अस्तर येतं, शरीराला ती जखम वाटतच नाही. दूध प्यायली की फ्रॉक ओला. जठरातल्या आम्लानं भोवतीची कातडी सोलवटलेली. मागच्या महिन्यात तारीख मिळाली होती, पण ऐनवेळी सर्दी झाली. अपुऱ्या दिवसांची फुप्फुसं, सर्दीनंतर श्वासनलिका काही आठवडे चिडलेली असते, म्हणून भूलतज्ज्ञ बाईंनी पुढे ढकललं. तेव्हा मला राग आला होता. आज त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावून दोन मिनिटं नीट ऐकलं, तेव्हा तो गेला.

९:१०

आमच्या आधीची केस लांबली. कुणी येऊन सांगत नाही, आपणच दर पंधरा मिनिटांनी काउंटरवर जाऊन विचारायचं. याबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण पान वाया जाईल.

कारण मधल्या वेळात वेगळंच घडलं. मनू खिडकीत बसली होती. हाताच्या मागच्या बाजूला बधिर करणारं मलम आणि त्यावर पारदर्शक पट्टी, तिच्यावर बोट फिरवत होती. मान न वळवता म्हणाली,

“बाबा, मला भूक लागली.”

मी हिच्याकडे, मनूच्या आईकडे, पाहिलं, हिनं माझ्याकडे. दोघंही गप्प.

हे वाक्य तिनं आजवर कधी उच्चारलेलं नाही. ज्याचं पोट घड्याळावर भरतं, त्याला भुकेची ओळख कुठून व्हायची? थेरपिस्ट सांगायच्या, रात्रीचं दूध थोडं थोडं कमी करा, पोटाला रिकामं व्हायला शिकू द्या. आम्ही दर आठवड्याला जीव मुठीत धरून तीस-तीस मिली कमी केलं. वजन २०० ग्रॅम उतरलं तेव्हा ही दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पुढे मनू तोंडानं खायला शिकली, पण अभ्यास केल्यासारखी. “जेवायची वेळ झाली” म्हटलं की बसायची, सांगितले तेवढे घास घ्यायची, उठायची. मागितलं कधीच नाही. आम्ही तेवढ्यावर समाधानी होतो. खरं तर फार खूश होतो.

आणि आज मागितलं तर द्यायचं नाही! भूल दिल्यावर गळ्याची राखण सुटते, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. हे मला पाठ आहे, इतर आईबापांना समजावून सांगण्याइतकं. तरी पिशवीतल्या बिस्किटांच्या पुड्यावरून हात दोनदा फिरला.

“कुठे लागली भूक?” हिनं विचारलं. मनूनं पोटावर हात ठेवला. भोकाच्या जरा वर, बरोबर जागी.

मी जाऊन भूलतज्ज्ञ बाईंना गाठलं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि उशीर होतोय म्हणून चार घोट पाणी द्यायला परवानगी दिली. मनूनं ते गटागटा प्यायलं. दोन मिनिटांत फ्रॉकवर तळहाताएवढा डाग. तो डाग शेवटचा, हे मनात आलं, पण बोललो नाही.

११:००

आत एकालाच जाऊ देतात. मी गेलो. मास्क तिनं स्वतः धरला. मग डोळे वर गेले, हातपाय एकदा झटकले आणि अंग सैल पडलं. हे असंच होतं, आधी सांगितलं होतं. पण अंग सैल पडलेली मनू मी याआधी पाहिलीय, काचेच्या पेटीत, मशीन वाजत असताना. गुडघ्यांना आजच्यातलं आणि तेव्हाच्यातलं काही वेगळं वाटलं नाही. “बाबा, आता बाहेर थांबा,” नर्स म्हणाली. चप्पल आतच विसरलो.

दुपारी १:३०

झालं. व्यवस्थित झालं.

उठल्यावर मात्र वीस मिनिटं ती आमची नव्हती. ओरडणं, लाथा, सलाईन ओढणं, हाका मारते आईला आणि आईलाच ढकलते. या वयाची मुलं भुलीतून बाहेर येताना अशी होतात. ही तिला घट्ट धरून एकच अंगाईची ओळ म्हणत राहिली, तीही चुकीच्या सुरात. मग मनू अचानक थांबली, उसासा टाकला आणि झोपली. माझ्या मनगटावर तिचे चार दात उमटलेत. खणखणीत आहेत, चावायला हरकत नाही.

रात्री ८:००

संध्याकाळपर्यंत तोंडानं काहीच नाही. तिनं आणखी तीनदा सांगितलं, भूक लागली. तिसऱ्यांदा रडून. हिनं बाहेर जाऊन डोळे पुसले आणि आल्यावर म्हणाली, “ऐकलंस का, कशी हट्टानं मागतेय?”

सहाला पाणी. सातला दूध. ती प्यायला लागली तशी माझी नजर पोटावरच्या पट्टीवर. एक घोट, दोन घोट. पट्टी कोरडी. अर्धा कप झाला, पट्टी कोरडी. मग तिनं कप बाजूला केला आणि म्हणाली, “बास.” मी नेहमीप्रमाणे ‘अजून एक घोट’ म्हणायला तोंड उघडलं होतं. हिनं माझ्या पायावर पाय दिला.

नर्स तक्ता घेऊन आली. “बाळ दूध प्यायलं का?”

“सात वाजून दहा मिनिटांनी, पंच्याहत्तर मिली. नाही, सत्तर. थोडं सांडलं.”

ती हसली. “एवढं नको हो. प्यायली की नाही, तेवढंच सांगा.”

“प्यायली.”