दाराजवळचा कोपरा, पावसाळा अपडेट: पंखा काढला, झीरोचे बल्ब लावले

सोमवारी ऑफिसला निघताना चपलांचं कपाट उघडलं आणि लेदरच्या बुटांवर परत पांढरी बुरशी. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा पुसलं, पॉलिश मारलं आणि गप्प बसलो, कारण कपाटातला मीटर ओलावा ७८ टक्के दाखवत होता आणि पॅसेजमधला ८५, म्हणजे बाहेरची हवा आत ओढायला कपाटाला लावलेला पंखा काम करतोय असं मागच्या अपडेटमध्ये मी ठामपणे लिहिलंही होतं. ते साफ चूक निघालं. का, ते आता कळलं, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: मानपाड्याचा फ्लॅट, दाराच्या आत साडेतीन बाय चार फुटांची जागा, आणि सोसायटीने मे महिन्यातच पॅसेजमधले सगळे रॅक उचलायला लावले. आग लागली तर जिना-पॅसेज मोकळा हवा, हे मला पटतं, त्यामुळे तक्रार नाही, पण चार माणसांचे ओले बूट, रेनकोट, छत्र्या, मुलीचे शाळेचे बूट असं सगळं आता घरातच निथळणार.

तर मीटर. मिठाची टेस्ट करायची हे मला माहीत होतं, आळसाने राहिली होती. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही, मग झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात रात्रभर ठेवायचे. आतला ओलावा ७५ टक्क्यांवर स्थिर होतो, मीटरने तेवढाच दाखवायला हवा. पॅसेजवाला ७५ वर आला, कपाटातला ६८ वर. सात टक्के कमी! म्हणजे माझे ते ७८ खरे ८५ होते, आत-बाहेर एकच हवा, आणि दीड महिना तो पंखा फक्त फिरत होता.

विचार केला तर सरळ आहे. पंखा हवा हलवतो, कोरडी करत नाही. जुलैत पॅसेजची हवाच ८५ असेल तर तीच ओढून कपाटात भरणार, मग आतलं कमी कुठून होणार? ओलावा शोषणारे ते कॅल्शियम क्लोराइडचे डबे आठ दिवसांत पाण्याने का भरत होते तेही यातच आलं. कपाटाच्या जाळीतून सतत ओली हवा येत असेल तर ते पैसे पाण्यात. बंद ट्रंकेत, कॅमेऱ्याच्या डब्यात ते डबे छान चालतात, इथे घेऊ नका. डांबराच्या गोळ्यांचा बुरशीला काही उपयोग मला दिसला नाही, नुसता वास.

मग आईने आठवण करून दिली, पूर्वी लोक कपाटात बल्ब लावून ठेवायचे. तेच उत्तर आहे! हवेत पाणी तेवढंच राहतं, पण हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणून टक्का उतरतो. २८ डिग्री आणि ८५ टक्क्यांची हवा ३३ ला नेली तर साधारण ६४ टक्के. फक्त पाच डिग्री! देवघरातला झीरोचा बल्ब काढला (नावाला झीरो, घेतो १५ वॅटच्या आसपास, आणि तारेचाच हवा, एलईडीला तेवढी ऊब नाही), चिनीमातीचा होल्डर तळाला बसवला, वर लोखंडी जाळीचा पिंजरा केला, बूट त्याच्यापासून अर्धा फूट लांब. खालची आणि वरची जाळी उघडीच ठेवली, गरम हवा वरून निघते आणि पंख्याची गरजच उरत नाही. एका बल्बवर आत ३०, ओलावा ७६. स्टेशनजवळून दुसरा आणला, दोघांवर ३२ आणि ६८. सात टक्के धरूनच सांगतोय. रात्री दहा तास चालवले तर ०.३ युनिट. आज सकाळी दार उघडलं तर तो कुबट वास नव्हता, मी दोनदा नाक आत घालून बघितलं, बायकोलाही बोलावून दाखवलं.

पण थेट ओले बूट आत नाहीच. आधी वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, मगच कपाट. या कामाला वर्तमानपत्रासारखं काही नाही.

छत्र्यांचा स्टँड मात्र एकदम जमला. ११० एमएमचा पीव्हीसी पाइप, दीड-दीड फुटाचे पाच तुकडे, खाली नळाला लावतो तसा क्लॅम्प, आणि सगळं कडाप्प्याच्या तुकड्यावर उभं. पाणी कडाप्प्यावर निथळतं, सकाळी एक फडका मारला की झालं. प्लंबरकडून उरलेला पाइप मिळाला तर खर्च जवळजवळ शून्य. आधीचा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा) तयार रॅक आठवतोय ना, खालची फळी फुगून पापड झाली होती? ओल्या जागेत एमडीएफ नकोच. सुतार ‘कमर्शियल प्लाय चालेल’ म्हणाला तरी ऐकू नका, आयएस ७१० चा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायच मागा आणि कापलेल्या कडा सीलरने बंद करून घ्या, पाणी तिथूनच शिरतं.

पुढचा प्लॅन थर्मोस्टॅटचा (तापमान बघून बल्ब आपोआप चालू-बंद करणारा) होता, पण हे लिहिताना दुसरंच सुचतंय. माझं कपाट तीन फूट रुंद आहे, अर्ध्यात रोजचे बूट, अर्ध्यात लग्नकार्याच्या चपला आणि क्रिकेटचं सामान. मधे फळी टाकून फक्त रोजचा भाग तापवला तर तापवायची जागा निम्मी, मग एकाच बल्बवर ३२ डिग्री यायला हवी! दुसऱ्या भागाला जाळीच नको, तिथे शोषणारा डबा ठेवायचा, बंद जागा असल्याने तिथे तो पुरेल. म्हणजे थर्मोस्टॅटचे पैसे वाचले. फळीला १२ एमएमचा उरलेला तुकडा आहे, फक्त दाराची बिजागरी मधे येतेय, तिचं काय करायचं ते बघावं लागेल. रविवारी आधी पुठ्ठा लावून बघतो, रीडिंग बरोबर आलं तरच करवत हातात घेईन.