शेकहँडचा एस

मंगळवारी दुपारी घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडली. आईच्या मिक्सरचं भांडं नौपाड्यात दुरुस्तीला टाकलेलं होतं, ते आणायचं होतं. दुपारची ट्रान्स हार्बर म्हणजे चैन. खिडकीची जागा मिळते, आणि चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकलेलं कुणी नसतं. समोर एक आजी आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू बसला होता. नातू परदेशातून सुट्टीला आलेला असावा, कारण तो डब्यातल्या पंख्याकडे कौतुकाने बघत होता. ऐरोली गेल्यावर त्याने विचारलं, "आजी, डू वी चेंज ट्रेन्स अ‍ॅट ठाणे?"

"हो रे राजा," आजी म्हणाल्या, "ठाण्याला गाडी बदलायची, मग डोंबिवली."

झालं. माझी दुपार कामातून गेली. नातवाच्या ट्रेन्स दोन, आजींची गाडी एक. दोघं जाणार तर एकाच वाटेने! मग आजींची दुसरी गाडी गेली कुठे? की नातवानेच एक जास्त धरली?

आम्ही इंग्रजीला लागलो ते पाचवीत. त्याआधी एबीसीडीसुद्धा नाही. सहावीत असताना बाईंनी 'माझा नवा मित्र' यावर पाच वाक्यं लिहायला सांगितली. वर्गात त्याच वर्षी कळव्याहून एक मुलगा आला होता. त्याच्यावर मी मोठ्या हौसेने लिहिलं, आय मेड फ्रेंड विथ हिम. बाईंनी फ्रेंडच्या शेपटीला लाल शाईने एस लावला. मला तो अन्याय वाटला. मी उभा राहून म्हणालो, "बाई, पण तो एकच आहे." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "एकच असला तरी एस. बस खाली आणि पाठ कर."

मधल्या सुट्टीत तो कळव्याचा मुलगा माझ्या डब्यातला पोळीचा लाडू खात होता. खाता खाता म्हणाला, "अरे, दुसरा तू असशील ना." आणि उरलेला लाडूही खाल्ला.

बाईंना न सुचलेलं उत्तर त्याने असं तोंडात घास असताना देऊन टाकलं. मैत्री करणारा स्वतःलाही मोजतो, म्हणून फ्रेंड्स. हात मिळवताना आपलाही हात मोजायचा, म्हणून शेक हँड्स. सोडून दिलेली गाडीही मोजायची, म्हणून चेंज ट्रेन्स. इंग्रज हिशेबाला पक्का. आपण मात्र जी सोडली ती सोडली. आता बसलोय ती गाडी, बाकी रेल्वे बघून घेईल. हाताच्या बाबतीत तर आपण कमालच केली. त्यांचं शेक हँड्स उचललं, त्यातला एस गाळला आणि 'शेकहँड केला' म्हणून मोकळे झालो. एकाच हाताचा शेकहँड! गाळलेला तो एस वाया गेला नाही म्हणा. तो 'माझा एक शूज सापडत नाहीये' मध्ये वापरला.

गाडी बदलणं या गोष्टीशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. आत्या वाशीला राहायची. ठाण्यातून वाशी नकाशावर बघितली तर खाडीपलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल अशी. पण आईला बस लागायची. त्यामुळे आम्ही ठाण्याहून उलटे कुर्ल्याला जायचो, तिथे गाडी बदलायची, आणि हार्बरने मानखुर्दवरून खाडी ओलांडून वाशीला. वाशीपर्यंत रूळ आले ते 1992 मध्ये, तेव्हा हीसुद्धा आम्हाला केवढी तरी सोय वाटली. कुर्ल्याच्या पुलावर आई माझं मनगट अशी धरायची की आत्याकडे पोचेपर्यंत बांगड्यांचे वळ राहायचे. "गाडी बदलायचीय, इकडेतिकडे बघू नकोस." मी हटकून इकडेतिकडे बघायचो. ज्या गाडीतून उतरलो ती दादरकडे निघून जाताना बघायचो. तिच्यात आमची खिडकी तशीच असायची आणि तिथे आता दुसराच मुलगा. फार राग यायचा त्याचा. मग 2004 मध्ये ठाण्याहून थेट वाशीला गाडी सुरू झाली, तोवर आत्या पुण्याला मुलाकडे गेली होती.

तसं पाहिलं तर बदलायची कटकट नव्हती ती 1853 मध्येच. 16 एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच संपली. पुढे रूळच नव्हते, त्यामुळे चेंज ट्रेन्सचा प्रश्न नाही. उतरायचं आणि आल्या वाटेने परतायचं.

या एसने मला नोकरीतही एकदा गोत्यात आणलं. महापेला होतो तेव्हाची गोष्ट. माल वेळेवर येत नव्हता म्हणून पुरवठादाराशी फोनवर बोललो, अगदी गोड बोललो, आणि साहेबांना मेल केला, आय हॅड वर्ड्स विथ हिम. एकच शब्द थोडाच बोललो होतो, चांगली वीस मिनिटं बोललो होतो, म्हणून वर्ड्स. दहा मिनिटांत साहेबांचा फोन. "अहो, भांडायची काय गरज होती?" अ वर्ड म्हणजे बोलणं, वर्ड्स म्हणजे भांडण, हे मला तेव्हा कळलं. मी मनातल्या मनात इंग्रजांना चार शब्द सुनावले. मग लक्षात आलं की आपलंही तेच आहे. सुनवायचे तर चार शब्द, आणि शब्दाने शब्द वाढतो. समजूत घालायची असते तेव्हा मात्र आपण म्हणतो, "जरा एक शब्द बोलून बघ ना त्याच्याशी."

म्हणजे मराठीला दोघं मोजता येत नाहीत असं नाही. मारामारी, हाणामारी, बाचाबाची, झोंबाझोंबी. प्रत्येक शब्दात दोन्ही बाजू हजर. हमरीतुमरीत तर 'हम' आणि 'तुम' नावानिशी उभे. भांडणात आपण समोरच्याला चोख मोजतो. मैत्री मात्र एकच, प्रेम एकच, गट्टी एकच. आणि सगळ्याला जोडायला तो एक 'शी'. त्याच्याशी मैत्री, त्याच्याशी भांडण, तिच्याशी लग्न. याच 'शी'च्या भरवशावर आमच्या ओळखीतले निम्मे लोक 'मॅरीड विथ' असतात, आणि संसार व्यवस्थित चालू आहेत.

मात्र इंग्रज मत बदलतो तेव्हा एकच माइंड बदलतो. जुनं मत, नवं मत, दोन झाली की! पण तिथे एस नाही. बहुधा जुनं आपलं नव्हतंच असं दाखवायची सोय असावी. म्हणजे कळव्याच्या त्या मुलाचा नियम इथे लंगडा पडतो. त्याला विचारायला हवं होतं.

दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे कॉलेजं वेगळी झाली, तरी रविवारी तलावपाळीला भेटायचो. मग त्याच्या भावाच्या लग्नाच्या वेळी काहीतरी झालं. फोन आधी कुणी करायचा होता, असलं काहीतरी. सांगितलं तर हसाल. त्या दिवशी आमच्यात जे झालं ते साहेबांच्या इंग्रजीत वर्ड्सच. त्याला यंदा बारा वर्षं झाली.

ठाणे आलं. पुलावर आजींनी मला थांबवून विचारलं, "डोंबिवली फास्ट कुठे हो लागेल?" म्हटलं, पाच नंबर. 2024 मध्ये तो मोठा ब्लॉक घेऊन पाच नंबर रुंद केला, आता आजी-नातवाला तिथे धड उभं तरी राहता येतं. नातू मान वळवून आमच्या गाडीकडे बघत होता. तिच्यात पनवेलची माणसं चढत होती. आजींनी त्याचं मनगट धरलं आणि दोघं खाली उतरली.

मी पुलावरच होतो. खाली कल्याणकडची स्लो लागत होती. पुढचं स्टेशन कळवा, एकच. गाडी आली, बरीच माणसं उतरली, थोडी चढली, गाडी गेली.

नौपाड्यात दुकानदार म्हणाला, "भांडं झालंय, पण झाकण हे नाही बसत, दुसरं आणा." मी भांडं पिशवीत घातलं आणि रिक्षा केली.