बोर्डिंग पासवरचे चार 'एस'

अण्णांना हार्ट अटॅक आल्याचा फोन आला तेव्हा वाईत सकाळचे साडेआठ वाजले होते आणि न्यू जर्सीत रात्रीचे अकरा. दुसऱ्या दिवशीचं मिळेल ते तिकीट काढलं. तेही फक्त जाण्याचं, कारण परत कधी यायचं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. निघण्याआधी फोनवर चेक-इन करायला बसले तर ते होईना. 'काउंटरवर या' एवढंच दिसायचं. घाईत माझंच काहीतरी चुकतंय असं वाटून चार वेळा नव्याने सगळं भरलं. त्या वेळी ठाऊक नव्हतं, पण ऑनलाइन चेक-इन न होणं हीच जादा तपासणीसाठी निवड झाल्याची पहिली खूण असते.

नूअर्क विमानतळाच्या काउंटरवर बाईंनी माझा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड घेतलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि फोन उचलला. वीस-पंचवीस मिनिटं त्या कोणाशी तरी बोलत होत्या, मधूनच माझी जन्मतारीख वाचून दाखवत होत्या. शेवटी बोर्डिंग पास छापून आला. खालच्या कोपऱ्यात इंग्रजी 'एस' हे अक्षर सलग चार वेळा. मी विचारलं तर म्हणाल्या, "जादा तपासणी आहे. हे आम्ही ठरवत नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. सेकंडरी सिक्युरिटी स्क्रीनिंग सिलेक्शन असं त्या चार 'एस'चं लांबलचक नाव आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेत टीएसए ही विमानतळ सुरक्षेची यंत्रणा उभी राहिली. आधी प्रवाशांची नावं संशयितांच्या सरकारी याद्यांशी ताडून पाहण्याचं काम विमान कंपन्याच करायच्या. 'सिक्युअर फ्लाइट' ही टीएसएची योजना आल्यावर २०१० पासून ते टीएसएकडे गेलं. तिकीट काढताना आपण पूर्ण नाव, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष हे भरतो ते तिकडे जातं आणि तिथून उत्तर आल्याशिवाय बोर्डिंग पास निघत नाही. निवड का झाली हे प्रवाशाला सांगत नाहीत. काउंटरवरच्या माणसालाही ते माहीत नसतं, त्यामुळे त्याच्याशी वाद घालून वेळ घालवू नका.

तपासणीच्या जागी मला रांगेतून बाजूला घेतलं. पर्समधली प्रत्येक वस्तू टेबलावर मांडली. लॅपटॉप, फोन, चार्जर, औषधांची पाकिटं. कापडी पट्टीने एकेका वस्तूवरून, मग माझ्या तळहातांवरून पुसून ती पट्टी यंत्रात घातली. स्फोटकांचा कण जरी असला तरी त्यात कळतो. माझ्या हातांची पट्टी घातल्यावर यंत्र वाजलं. माझ्या पोटात गोळा आला. अण्णा आयसीयूत, विमान सुटायला पन्नास मिनिटं, आणि समोर तीन अधिकारी. त्यातल्या वयस्कर बाईंनी शांतपणे विचारलं, "हाताला क्रीम लावलंय का?" लावलं होतं, ग्लिसरीनचं. त्यामुळे यंत्र कधी कधी उगाच वाजतं असं त्या म्हणाल्या. पण एकदा वाजलं की पूर्ण अंगझडती आलीच. ती बाईच घेते, वेगळ्या खोलीत घ्या असं आपण सांगू शकतो, आणि सोबतचं माणूसही तिथे राहू शकतं. मला हे कोणी आपणहून सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. तेव्हापासून प्रवासाच्या दिवशी मी हाताला काही लावत नाही.

विमान मिळालं. अण्णांबरोबर आठ दिवस मिळाले.

तेराव्यानंतर परत निघाले तेव्हा आईने शेवटच्या क्षणी माझ्या हातातल्या बॅगेत एक स्टीलचा डबा सरकवला. आत मेतकूट होतं. अण्णांना सकाळच्या मऊ भातावर मेतकूट आणि तूप लागायचं, म्हणून महिन्याभरापूर्वी तिने ते केलं होतं. डबाही त्यांचाच, बँकेत असताना एका निरोप समारंभात मिळालेला. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी त्यांचं पूर्ण नाव कोरलेलं.

मुंबईला पुन्हा तेच. चेक-इन झालं नाही, काउंटरवर फोन, कोपऱ्यात चार 'एस'. अमेरिकेच्या विमानांना गेटवरही एक तपासणी असते. तिथे माझं नाव पुकारलं. पडद्यामागे एक तरुण मुलगी होती, बोलण्यावरून घाटावरचीच वाटली. "ताई, बॅग पूर्ण रिकामी करावी लागेल," म्हणाली, आणि एकेक वस्तू हळू हळू काढायला लागली. अण्णांची शाल तिने घडी मोडू न देता बाजूला ठेवली. मग डबा हातात आला. उघडला, आतली पिवळी पूड पाहिली, पट्टी फिरवली. यंत्र वाजलं नाही. तरी ती थांबली. म्हणाली, "ताई, पावडर जास्त आहे. ३५० मिलीच्या वर केबिनमध्ये अडवतात." हा नियम जून २०१८ च्या अखेरीस आला. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर तिची वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती न्यायला देत नाहीत. वजन बघत नाहीत, आकारमान बघतात. मेतकूट हलकं असतं, त्यामुळे पाव किलोसुद्धा सहज त्यापलीकडे जातं. गोडा मसाला, भाजणी, सत्त्व, कुंकू, भस्म, सगळ्यांना हेच लागू.

मी काहीच बोलू शकले नाही. तिने झाकण फिरवून वाचलं. ठिपक्यांवरून बोट फिरवत पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, "वडील का?" मी मान हलवली. तिने वरिष्ठांना विचारलं, ते नाही म्हणाले. मग तिने मेतकूट पिशवीत काढून घेतलं, टिश्यूने डबा आतून स्वच्छ पुसला आणि झाकण लावून माझ्या हातात दिला. "डबा न्या तुम्ही," म्हणाली. विमानात बराच वेळ त्या डब्याला वास येत होता.

वर्षश्राद्धाला गेले तेव्हा जाताना आणि येताना दोन्ही वेळा तेच झालं. येताना तर मुंबईत पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास मिळालाच नाही, मधल्या विमानतळावर घ्या म्हणाले. तिथे काउंटरवर रांग, मग फोन, मग तपासणी, आणि तोवर विमान गेलं. ती रात्र बाकावर काढली.

माझा राग तपासणीवर नव्हता. बॅग उघडायला माझी कधीच ना नाही, आणि तपासणारी बहुतेक माणसं नीट वागली. पण चार वेळा लागोपाठ? आणि कारण विचारायला जागाच नाही? काका फोनवर म्हणाले, "अगं, कलामसाहेबांची सुद्धा झडती घेतली होती, ते काही बोलले नाहीत." खरं आहे. एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका अमेरिकी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपतींची झडती घेतली होती आणि नंतर कंपनीने माफी मागितली. पण माफी मागितली ती कोणीतरी आवाज उठवला म्हणून. ते गप्प राहिले हा त्यांचा मोठेपणा. त्याचा अर्थ आपण अर्जसुद्धा करू नये असा मी घेत नाही.

मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर माझे सगळे कागद मांडले, आणि पहिल्यांदा नीट पाहिलं की मी कागदावर किती जणी आहे. जुन्या पासपोर्टवर माझं नाव, अण्णांचं नाव आणि माहेरचं आडनाव. नव्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच रकान्यात असतं, म्हणून तिकिटावर ती दोन्ही जागा न सोडता चिकटून येतात आणि शेवटी 'एमएस' (बाईच्या नावाला लावतात ते) जोडलं जातं, ते वाचताना मलाही माझं नाव ओळखू येत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव फक्त एका अक्षराचं. सासरचं आडनाव 'व' ने सुरू होतं. पासपोर्टवर तो 'व' व्ही ने लिहिलाय, आणि सवयीने तिकिटं काढताना मी डब्ल्यू टाकत आले. आपल्याकडे डब्यावर नाव कोरून घेताना 'व' कसा लिहू असं कोणी विचारत नाही. रोमन लिपीत तोच प्रश्न पहिला येतो.

यामुळेच माझी निवड होत होती असा दावा मी करणार नाही. पण यंत्रणा नावावर चालते आणि नावाच्या सारखेपणातून माणसं अडकतात हे जगजाहीर आहे. २००४ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडींनी स्वतः सिनेटच्या सुनावणीत सांगितलं होतं की यादीतल्या मिळत्याजुळत्या नावामुळे त्यांना विमानतळावर पुन्हा पुन्हा अडवलं जातं. त्याहून मला हलवून गेली ती रहिना इब्राहिम यांची हकिगत. स्टॅनफर्डला पीएचडी करणारी ही मलेशियन बाई. जानेवारी २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर तिला बेड्या घातल्या. ती कोर्टात गेली, वर्षानुवर्षं लढली, आणि २०१४ मध्ये निकालातून बाहेर आलं की एफबीआयच्या एका एजंटाने फॉर्म भरताना चुकीच्या चौकोनांवर खुणा केल्या होत्या आणि त्यामुळे तिचं नाव विमानबंदीच्या यादीत गेलं होतं. कागदावरची एक खूण. मी फार मोठ्या त्रासात नव्हते, पण चूक होऊ शकते आणि ती कागदानेच निस्तरावी लागते, एवढं त्यातून समजलं.

त्यासाठी जागा आहे. डीएचएस ट्रिप. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याचा हा तक्रार निवारणाचा कार्यक्रम २००७ पासून चालू आहे. अर्ज ऑनलाइन, पैसे लागत नाहीत, अमेरिकेचं नागरिकत्वही लागत नाही. पैसे घेऊन हा अर्ज भरून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, आधीची नावं, आणि काय त्रास झाला ते. बोर्डिंग पास ऑनलाइन निघत नाही, दरवेळी जादा तपासणी होते, विमान चुकलं, अशा गोष्टी तिथे निवडता येतात. खाली सविस्तर लिहायला जागा असते. तिथे मी रागाचा एकही शब्द लिहिला नाही. फक्त तारखा, विमानतळ आणि फ्लाइट नंबर. माझ्याकडे चारपैकी तीन बोर्डिंग पास होते, ते जपून ठेवल्याचा फार उपयोग झाला. पासपोर्टचं पान जोडलं. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही स्पेलिंगं मी आपणहून लिहिली. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि जुळवणाऱ्याला सगळं एकाच जागी मिळावं असं वाटलं.

अर्ज गेला की सात आकडी रिड्रेस कंट्रोल नंबर, म्हणजे तक्रार निवारणाचा नंबर, मिळतो. अर्ज कुठवर आला हे त्यावरून पाहता येतं, पण तिकिटाला लावायचा तो चौकशी पूर्ण झाल्यावर. मला पत्र यायला अडीच महिने लागले. पत्रात माझं नाव कुठल्या यादीत होतं की नव्हतं याबद्दल चकार शब्द नव्हता. तसं ते कोणालाच सांगत नाहीत हे आधी वाचलं होतं, तरी वाचताना वाईट वाटलंच. चौकशी झाली, आवश्यक ते बदल केले असतील तर केले, यापुढे तिकीट काढताना हा नंबर द्या, असा त्याचा सूर.

इथे अनेकांची गल्लत होते, माझीही झाली होती. तिकिटाच्या फॉर्मवर दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. एक रिड्रेस नंबरचा, दुसरा नोन ट्रॅव्हलर नंबरचा. दुसरा प्रीचेक किंवा ग्लोबल एंट्री (आधीच चौकशी करून विमानतळावरची तपासणी झटपट करून देणाऱ्या योजना) घेतलेल्यांसाठी. माझ्याकडे प्रीचेक होतं आणि ते असताना असं कसं होतं हे मला कळत नव्हतं. चार 'एस' आले की त्या प्रवासापुरता प्रीचेकचा काही उपयोग नसतो. एजंटाकडून किंवा दुसऱ्या वेबसाइटवरून तिकीट काढलं आणि रिड्रेसचा रकाना दिसला नाही तर विमान कंपनीला फोन करून नंबर घालून घ्या, आणि घातला का हे पुन्हा विचारा. नाव मात्र पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. मी आता डब्ल्यू वापरणं सोडलंय.

त्यानंतर तीनदा जाऊन आले. गेल्या दिवाळीत परत निघण्याच्या आदल्या दिवशी, वाईच्या घरी झोपाळ्यावर बसून फोनवर चेक-इन केलं. झालं. बोर्डिंग पास स्क्रीनवर आला तो बोटांनी मोठा करून चारी कोपरे पाहिले. आई शेजारी बसून मेतकूट डब्यात भरत होती, दाबून दाबून. झाकणाला चहूबाजूंनी चिकटपट्टी लावून तो डबा मी मोठ्या बॅगेत, सामानात जाणाऱ्या कपड्यांच्या मधोमध ठेवला.

"मग उद्या जरा उशिरा निघालं तरी चालेल ना?" आईने विचारलं.

मी नको म्हटलं. कोणाचीही कधीही अचानक निवड होऊ शकते, नंबर असला तरी. गाडीवाल्याला आधीचीच वेळ सांगितली.