आधी आवाज, मग पाना : वाडीतल्या आमच्या वर्कशॉपची वाटचाल

श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग आणि गुजरातेतून ओडिशाकडे जाणारा महामार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. जुने ड्रायव्हर त्यांना अजून सात नंबर आणि सहा नंबरच म्हणतात. ह्या सहा नंबरवर, अमरावती रोडला वाडीत, बाबांनी ट्रक दुरुस्तीसाठी टिनाची शेड टाकली. हाताशी एक चेन-ब्लॉक, पान्यांची पेटी आणि मिस्त्रींच्या हाताखाली केलेली कैक वर्षांची हमाली, एवढंच भांडवल. सुरुवातीला क्लच, ब्रेक, पाटे, मिळेल ते काम केलं. इंजिनाच्या कामासाठी लोक आमच्याकडे येऊ लागले ते मात्र बाबांच्या एका सवयीमुळे. आवाज कुठून येतो ते कळल्याशिवाय ते इंजिनाला पाना लावत नसत.

"भाऊ, इंजिन ठोकून राह्यलं, पाहून द्या जी," असं म्हणत आलेल्या मालकाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं : फुल इंजिन करा, म्हणजे सगळं इंजिन खोलून नव्याने बांधा. जुन्या गाडीच्या मालकासाठी तो आकडा म्हणजे घरातलं लग्न पुढे ढकलणं. म्हणून मी हे जरा सविस्तर लिहितो.

उमरेडकडून कोळसा वाहणारी एक जुनी टाटा आमच्याकडे आली. सहा सिलिंडरचं 697 इंजिन, मेकॅनिकल पंप. आधीच्या गॅरेजने फुल इंजिन सांगितलेलं. आम्ही पहिल्यांदा डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली. ऑइल खुणेच्या वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. मालक म्हणाले, "ऑइल तर आम्ही टाकलंच नाही." मग डॅशबोर्डच्या काट्यावर न विसंबता ब्लॉकला ऑइलचा वेगळा प्रेशर गेज जोडला. थंड असताना प्रेशर ठीक होतं. गाडी तापली तशी आयडलला (रेस न देता) सुई खाली आली आणि ठोका जड झाला.

इथे फरक ओळखावा लागतो. सकाळी थंड इंजिनात वाजतो आणि तापल्यावर कमी होतो तो बहुधा पिस्टनचा आवाज. वरून येणारी, क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या गतीची टिकटिक व्हॉल्व्हची. तापल्यावर वाढणारा जड ठोका आला, की आधी खालच्या बेअरिंगचा संशय घ्यायचा. बाबा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकत. मी स्टेथोस्कोप वापरतो, पण हात तिथेच फिरतात.

मग एकेका नोजलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपचा नट ढिला करून तो सिलिंडर बंद केला. पहिल्या चारांना काही फरक पडला नाही. पाचवा ढिला करताच ठोका दबला. पाइप कसला, ठोका परत. बंद केल्यावर आवाज साफ गेला असता तर दोष नुसत्या नोजलचा धरला असता. दबून उरला, म्हणजे खाली ढिलाई आहे. मेन बेअरिंग असतं तर एका सिलिंडरने सहसा इतका फरक पडला नसता.

फिल्टर कापून उलगडला, तर घड्यांमध्ये धातूची चमकी. खालचं ऑइलचं चेंबर उतरवलं, पाचव्या कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांडीची) कॅप खोलली. बेअरिंगचा करडा थर उडून तांबूस धातू उघडा पडला होता आणि क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत भागावर, नखाला लागतील अशा रेषा होत्या. त्यामुळे क्रँक उतरवून ग्राइंडिंगला द्यावीच लागली, 0.25 मिलिमीटर, म्हणजे दहा थाऊ (इंचाचे हजारांश), खालच्या साइजवर ती साफ निघाली. लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि पिस्टन मोजून पाहिले, ते चांगले होते, तसेच ठेवले. पाचवं नोजल टेस्टरवर लावलं तर टपकत होतं. तेच डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करत होतं. नोजल तसंच राहिलं असतं, तर नवं बेअरिंगही गेलं असतं. ती गाडी अजून कोळसाच वाहते आहे.

अशा कामांमुळे वाडी आणि हिंगण्याचे ट्रान्सपोर्टवाले आमच्याकडे वळले. सहकारी बँकेच्या कर्जातून मायक्रोमीटर, बोअर गेज आणि नोजल टेस्टर घेतला. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो, काम कुठेही करा. काहींना ते खटकतं, पण अचूक निदान हेच खरं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

एप्रिल 2020 नंतरच्या, नव्या प्रदूषण-नियमांच्या बीएस-6 गाड्या धाकटा भाऊ स्कॅनरवर पाहतो. त्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोजलांना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो; तिथे चालू इंजिनात पाइप ढिला केला तर धार कातडीत घुसते. आमच्या पोरांना ही पहिली शिकवण. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, की तापून लायनरला पिस्टन घासलेल्या जुन्या गाड्या रांगेने येतात. तेव्हा रेडिएटरवाल्याला आम्ही शेडमध्येच बसवून घेतो.

ठोका ऐकू आला तर रेस करून पाहू नका, गाडी बंद करा आणि टो करून आणा. येण्याआधी ऑइल बदलू नका. बदललंच असेल, तर जुनं ऑइल बाटलीत आणि जुना फिल्टर पिशवीत घालून सोबत आणा.