इंदूरच्या रस्तानामांचा नकाशा : महात्मा गांधी मार्ग

इंदूरच्या जुन्या-नव्या रस्तानामांचा जो नकाशा मी तयार करीत आहे, त्यात राजवाड्यापासून पलासिया चौकापर्यंतचा महात्मा गांधी मार्ग आता पूर्ण झाला आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, गांधी हॉल, शास्त्री पूल, रीगल चौक आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ या खुणा जागेवर बसल्या आहेत.

सर्वांत जास्त काम गांधी हॉलच्या नोंदीवर करावे लागले. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १९०४ मध्ये बांधलेली ही इमारत तेव्हा किंग एडवर्ड हॉल होती आणि १९०५ मध्ये तिचे उद्घाटन तत्कालीन युवराजांनी, म्हणजे पुढे पंचम जॉर्ज झालेल्या राजपुत्रांनी केले. १९४८ मध्ये तिला गांधीजींचे नाव मिळाले. त्याच वर्षी १८७८ पासूनच्या, आणि मधल्या काळात किंग एडवर्ड यांचेच नाव लागलेल्या वैद्यकीय शाळेच्या जागी महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आले. म्हणून या दोन्ही संस्था आणि हा रस्ता नकाशावर मी एकाच रंगात दाखवले आहेत.

गांधीजींच्या नावाचा रस्ता बहुतेक शहरांत असतो, त्यामुळे अभ्यासक त्याची फारशी दखल घेत नाहीत. इंदूरच्या बाबतीत मला हे मान्य नाही. १९१८ मध्ये गांधीजींनी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद याच शहरात भूषविले आणि १९३५ मध्ये त्याच मानाने ते पुन्हा येथे आले. इंदूरच्या नगररचनेवरील स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा दोन खंडांचा अहवालही १९१८ चाच आहे. जुन्या वस्त्या पाडून सरळ रस्ते काढण्याऐवजी मोजकीच घरे हलवून वाट मोकळी करावी, ही त्यांची भूमिका राजवाड्याच्या परिसरातील गल्ल्या अभ्यासणाऱ्याने अवश्य समजून घ्यावी.

लोकांच्या तोंडी मात्र आजही कृष्णपुरा, रीगल, पलासिया अशी तुकड्यातुकड्यांची नावेच आहेत, आणि पत्ता सांगताना तीच उपयोगी पडतात. म्हणून ती अधिकृत नावाच्या खाली न देता त्याच आकाराच्या अक्षरांत शेजारी दिली आहेत.

पुढील टप्प्यात होळकर राजे तुकोजीराव यांच्या नावाचे तुकोगंज, यशवंत निवास रोड आणि होळकर आणि इंग्रज यांच्यातील मंदसौरच्या १८१८ च्या तहानंतर वसलेला रेसिडेन्सीचा, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीच्या ठाण्याचा, भाग घेत आहे.